अमेरिकेच्या एका टेरिटरीचं नाव सांगा

हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्या वकिलाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आपल्या मंडळाच्या हॉलवर जी बाई कामाला होती, तिच्यावर आज जो खटला भरलेला आहे, तो माझ्या एका वाक्यामुळे. ते वाक्य तिला मी सांगितलं. आणि नंतर ‘माझं नाव घेऊ नकोस’ हेही मीच सांगितलं.

ह्यूस्टनजवळच्या आपल्या शुगर लँडमध्ये राहणाऱ्या तुमच्यापैकी पुष्कळांनी तिला पाहिलेलं आहे. गणपतीला, कोजागिरीला, कुणाच्या मुलीच्या अरंगेत्रमला तुम्ही त्या हॉलवर आला असाल, तर दाराशी एक उंच, रुंद खांद्यांची बाई खुर्च्यांची गाडी ढकलताना दिसली असेल. कानामागे फूल, बहुतेक वेळा प्लास्टिकचं. बसलेल्या माणसांच्या समोरून जायची वेळ आली की ती कमरेत वाकायची, एक हात जमिनीकडे करायची आणि हळूच म्हणायची, "तुलोऊ." तिच्या भाषेत त्याचा अर्थ, माफ करा, तुमच्या समोरून जातेय. एवढी दणकट बाई अशी वाकून, पाय न वाजवता जाताना पाहिली की आपली पोरं खुसखुसायची. म्हातारी माणसं हसत नसत.

"पहा, याला म्हणतात वळण," बोंद्रे काका म्हणायचे. काका नागपूरचे, मुलाकडे राहायला आलेले. "नाहीतर आमचा नातू. सोफ्यावर पाय पसरून बसते अन् म्हणते, हाय ग्रँडपा."

तिची आणखी एक सवय होती. हो म्हणायचं असेल तर ती बोलत नसे, मान हलवत नसे, फक्त दोन्ही भुवया वर करायची. पहिले काही महिने मला वाटायचं, मी सांगतोय त्याचं हिला आश्चर्य वाटतंय. ‘प्रोजेक्टर लावशील का?’ भुवया वर. मी पुन्हा विचारायचो. पुन्हा भुवया वर. शेवटी एकदा ती म्हणाली, "टीचर, मी दोनदा हो म्हटलं."

टीचर म्हणायची, कारण दर रविवारी सकाळी त्या हॉलच्या मागच्या खोलीत मी सिटिझनशिपचा वर्ग घ्यायचो. विद्यार्थी सगळे साठीच्या पुढचे. कुणाच्या मुलाने, कुणाच्या मुलीने आईवडिलांना ग्रीन कार्डवर आणलेलं, आता पाच वर्षं होत आली, परीक्षा द्यायची. प्रश्नोत्तरांचं पुस्तक सरकारच छापतं. मी प्रश्न इंग्रजीत विचारायचो, समजावून मराठीत सांगायचो, आणि आठ-दहा काका-काकू शाळेतल्यासारखे एका सुरात उत्तर द्यायचे. मधल्या सुट्टीत चहा आणि कुणीतरी आणलेला चिवडा.

गंमत अशी की शिकवणारा मीच तेव्हा सिटिझन नव्हतो. मी पंपांच्या कंपनीत इंजिनिअर. वीस वर्षांत अर्धी वर्क व्हिसावर गेली, ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पिकले, आणि मग पुन्हा पाच वर्षं वाट. त्या वाट पाहण्यात ते पुस्तक मला इतकं पाठ झालं की मंडळाच्या अध्यक्षांनी म्हटलं, तूच शिकव की. मला बरं वाटलं. आपल्याला अजून मिळालेली नाही अशी गोष्ट इतरांना मिळवून देण्यात एक वेगळाच रुबाब असतो.

ती वर्गात यायची ती खुर्च्या लावायला. मग मागच्या भिंतीशी बसून राहायची. एक दिवस प्रश्न आला, अमेरिकेच्या एका टेरिटरीचं नाव सांगा. अमेरिकेच्या ताब्यातला, पण राज्याचा दर्जा नसलेला मुलूख. पुस्तकात पाच उत्तरं दिलेली आहेत. आमचे सगळे जण ‘गुआम’ म्हणायचे. लहान, लक्षात राहायला सोपं. साठे काकूंना त्या दिवशी गुआम काही केल्या आठवेना. "ग ग ग..." करत त्या कपाळाला हात लावून बसल्या.

मागून आवाज आला, "अमेरिकन सामोआ."

सगळे वळून बघायला लागले. ती म्हणाली, "मी तिथलीच."

"म्हणजे ही बाई उत्तर आहे की काय!" बोंद्रे काका म्हणाले आणि वर्ग हसला. ती पण हसली. कुणीतरी भाषांतर करून सांगितलं तेव्हा आणखी हसली.

मग तिने फळ्यापाशी येऊन दाखवलं. पॅसिफिकमध्ये हवाईच्या खाली खूप लांब दोन सामोआ आहेत. एक स्वतंत्र देश. दुसऱ्यावर शंभराहून जास्त वर्षं अमेरिकेचा झेंडा. भाषा एक, चर्च एक, सोयरीक दोन्हीकडे. तिचे वडील अमेरिकेच्या बाजूचे, आई पलीकडची. तिचा जन्म अमेरिकेच्या बाजूला. वडील गेल्यावर आई आपल्या माहेरच्या घरी परतली. दोन्ही बेटांत विमानाने अर्धा तास, पण मधून तारखेची रेषा जाते. "त्यामुळे इथे शनिवार असला की आईकडे रविवार," ती म्हणाली. "आईला फोन केला की ती म्हणते, मी चर्चला जाऊन आले, तू अजून जायचीच आहेस?"

तेव्हापासून काकू मंडळी तिला दर रविवारी विचारायची, काय गं, आई कशी आहे? आणि ती घड्याळाकडे न बघता सांगायची, "आईकडे आता उद्या आहे."

साठे काकूंशी तिचं सूत जमलं ते अळूमुळे. हॉलच्या मागे, एसीचं पाणी ठिबकतं तिथे तिने अळूची चार रोपं लावली होती. ह्यूस्टनच्या उकाड्यात ती छातीएवढी झाली. ती त्या पानांत नारळाचं घट्ट दूध घालून पुरचुंड्या करायची आणि भाजायची. काकूंनी एक चाखली आणि म्हणाल्या, "चिंचगूळ राहिला गं हिचा!" पुढच्या रविवारी काकूंनी अळूवडी आणली. तिने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि भुवया वर केल्या.

काकूंना इंग्रजी बेताचं, तिला मराठी शून्य. तासन् तास बोलायच्या.

आता ते वाक्य.

एका रविवारी वर्ग संपल्यावर ती थांबली. मी वह्या गोळा करत बसलो होतो. बसलेल्या माणसाशी उभ्याने बोलायचं नाही ही तिची रीत, म्हणून आधी समोरची खुर्ची ओढून बसली आणि मग म्हणाली, "टीचर, एक विचारू? मला कोर्टातून ज्युरीचं बोलावणं आलंय."

आपल्याकडे ज्युरीचं बोलावणं आलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ग्रीन कार्डवाले खूश होऊन ‘नागरिक नाही’वर खूण करतात आणि परत पाठवतात. जे नागरिक झालेत त्यांना त्याच आठवड्यात पाठदुखी सुरू होते. आमच्या एका मित्राने, ज्याच्याकडे इथल्या दोन डिग्र्या आहेत, इंग्रजी नीट समजत नाही असं कळवलं होतं. ही मात्र ते बोलावणं देवघरातून आणल्यासारखं दोन्ही हातांत धरून बसली होती.

"त्यात विचारलंय, तू सिटिझन आहेस का. काय लिहू?"

"हा काय प्रश्न झाला? जन्म कुठला तुझा?"

"पागो पागो."

"तिथे झेंडा कुणाचा?"

"अमेरिकेचा."

"नवरा कुणाच्या आर्मीत होता?"

"अमेरिकेच्या." ती हसली.

"पासपोर्ट?"

तिने पर्समधून काढून दाखवला. निळा. मी वरचा गरुड पाहिला, आतला तिचा फोटो पाहिला आणि मिटवला. तो निळा रंग दिसला की आपली नजर पुढे जातच नाही. ज्याच्यासाठी मी अर्धं आयुष्य रांगेत काढलं ती वस्तू हिच्या पर्समध्ये कुपनांच्या गठ्ठ्यात पडलेली होती. मला तिचा हेवा वाटला, हेही सांगून टाकतो.

ती म्हणाली, "आमच्याकडे म्हणतात, आपण नॅशनल."

"अगं, नॅशनल काय नि सिटिझन काय. अमेरिकेच्या जमिनीवर जन्मलेला माणूस अमेरिकेचा नागरिक. पुस्तकातच आहे. बिनधास्त हो लिही."

तिने भुवया वर केल्या. पण लगेच उठली नाही. "या प्रश्नाला मी आजवर कुठेच हो लिहिलेलं नाही," म्हणाली.

"मग आता लिही. आणि जा. ज्युरीत बसणं हा फक्त नागरिकाचा मान आहे."

ती गेली. निकाल देणाऱ्या बारा जणांत निवडली गेली. तीन दिवस रजा टाकून, लांब फुलाफुलांचा झगा घालून, त्या दिवसांपुरतं खरं फूल कानात खोवून कोर्टात बसली. पुढच्या रविवारी मी तिला वर्गापुढे उभं केलं. खटला कसला होता ते ती जास्त बोलली नाही. एवढंच म्हणाली, "न्यायाधीश आत आले की सगळे उभे राहतात. आणि आम्ही बारा जण आत आलो तेव्हाही सगळे उभे राहिले. माझ्यासाठी!" काका-काकूंनी टाळ्या वाजवल्या. बोंद्रे काकांनी पेढा दिला. मी म्हणालो, याला म्हणतात नागरिकत्व, पुस्तकातलं नव्हे, जगलेलं. चांगलंच भाषण ठोकलं होतं मी.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तिची आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड. तिकडे बघायला कोणी नाही, हिचा भाऊ आधीच वारलेला. ही जाऊन राहू शकत नव्हती, कारण इथे नवरा. आर्मीतून निवृत्त झाल्यावर त्याची किडनी गेली, आठवड्यात तीनदा डायलिसिस, नेणं-आणणं सगळं हिच्याकडे. तिने ते वर्गात सांगितलं मात्र, सगळ्या काकू एकदम बोलायला लागल्या.

"अगं मग घेऊन ये की तिला!"

"आम्ही सगळे तसेच आलोय."

"मुलगी सिटिझन असली की आईला काही अडत नाही. माझं तर वर्षभरात झालं."

"सर, तुम्ही हिला अर्ज भरून द्या ना."

सरांनी भरून दिला. मुलीची स्थिती: नागरिक. तीही खूण मीच करायला सांगितली.

तो अर्ज परत आला. अमेरिकन सामोआत जन्मलेली व्यक्ती आईसाठी अर्ज करू शकत नाही. ती माझ्याकडे आली, खुर्ची ओढून बसली, पर्समधून पासपोर्ट काढला आणि या वेळी शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरला. तिथे दोन ओळींचा मजकूर होता. धारक अमेरिकेचा नॅशनल आहे, सिटिझन नाही.

मी तो तीनदा वाचला. तिने विचारलं, "म्हणजे काय, टीचर?"

म्हणजे असं, की अमेरिकेच्या झेंड्याखाली जन्मायचं, अमेरिकेच्या सैन्यात नवरा पाठवायचा, अमेरिकेचा पासपोर्ट बाळगायचा, आणि तरी मत नाही, ज्युरी नाही, आईला आणायचा हक्क नाही. साताऱ्याच्या साठे काकूंना मुलीने आणलं, नागपूरच्या बोंद्रे काकांना मुलाने आणलं, हिच्या आईला ही आणू शकत नाही. हवा असेल तर हिनेही आमच्यासारखाच अर्ज करायचा, परीक्षा द्यायची, आणि ज्या पुस्तकात हिचं बेट उत्तर म्हणून छापलंय ते पाठ करायचं.

"मग करते," ती म्हणाली. "पुस्तक तर पाठच आहे."

अर्ज गेला. मुलाखतीची तारीख आली. माझीही आली होती, तिच्यानंतर पंधरा दिवसांनी. एका दुपारी पार्किंगमध्ये तिने मला गाठलं. मी गाडीत बसलो होतो, म्हणून तीही फुटपाथच्या कडेवर बसली.

"टीचर, त्यात एक प्रश्न आहे. तू कधी सिटिझन असल्याचं सांगितलंयस का? मी तर सांगितलंय. शपथेवर. ज्युरीत."

मला हा प्रश्न माहीत होता. अर्ज परत आल्या दिवसापासून मला तो झोपू देत नव्हता.

"खरं सांग," मी म्हणालो.

"सांगेनच. मी काय खोटं बोलणार? आणि तुम्ही सांगितलं म्हणून लिहिलं, हे पण सांगू ना?"

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी बोललो. "माझं नाव नको घेऊस. माझा इंटरव्ह्यू आहे दोन आठवड्यांनी. त्यांनी माझीच फाइल उघडली तर? वीस वर्षं गेलीत माझी यात."

तिच्या भुवया वर झाल्या. मी पुन्हा विचारलं नाही.

ती भीती खरी होती का, नाव घेतलं असतं तर माझं काही बिघडलं असतं का, मला आजही माहीत नाही. मी कोणाला विचारलंच नाही. विचारलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, छे, तुला काही होणार नाही. मग मला नाव द्यावं लागलं असतं.

मुलाखतीचं तिने नंतर मला सांगितलं. अधिकारी बाई चांगली होती म्हणे. परीक्षेत एकही उत्तर चुकलं नाही. मग तो प्रश्न आला. तिने भुवया वर केल्या. अधिकारी म्हणाली, मोठ्याने बोला. तिने सगळं सांगितलं, बोलावणं, झगा, बारा जण. अधिकारी बाईचे हात कीबोर्डवर थांबले. तुम्हाला कोणी सांगितलं की तुम्ही नागरिक आहात?

"मी म्हटलं, कोणी नाही. मलाच तसं वाटलं."

हे ती मला खूश करायला सांगत होती. काम चोख केलं, अशा आवाजात.

अर्ज नामंजूर झाला. एवढ्यावर थांबलं असतं. पण ती नागरिक नव्हती हे कोर्टापर्यंत पोचलं, आणि त्या ज्युरीने ज्या माणसाला दोषी ठरवलं होतं त्याच्या वकिलाने, ज्युरीतली एक बाई नागरिकच नव्हती, निकाल रद्द करा, असा अर्ज ठोकला. मग सरकारी वकिलांचा पारा चढला. शपथेवर खोटं सांगितल्याचा गुन्हा. त्यांचं म्हणणं सरळ आहे: पासपोर्टवर छापलेलं होतं, तिला माहीत होतं, आणि तिला दुसरं कोणी सांगितलं नव्हतं हे तिने स्वतःच कबूल केलंय. तिला धरून नेलं, जामिनावर सोडलं, पासपोर्ट कोर्टाने ठेवून घेतला. हॉलची नोकरी त्याच आठवड्यात गेली.

मधल्या काळात माझी मुलाखत झाली, शपथ झाली. मंडळाने माझा सत्कार केला. त्याच हॉलमध्ये, शाल, श्रीफळ आणि लाल-निळ्या आयसिंगचा केक. खुर्च्या आम्हीच लावल्या. त्या वेड्यावाकड्या लागल्या होत्या.

तिच्याबद्दल लोक दबक्या आवाजात बोलायचे. "यार, असं कसं केलं तिने? साधी वाटायची." "आपण नको यात पडायला, सध्याचे दिवस कसे आहेत." बोंद्रे काका तर चिडले होते. "बिचारी! पण कोणी विचारलं नाही का, बाई, तुला हे कुणी शिकवलं?" मी चहा ओतत होतो. ओतत राहिलो.

साठे काकू एकट्या तिच्या घरी जात राहिल्या. गाडी चालवता येत नाही, म्हणून मुलीला, जावयाला, कुणालाही पकडायच्या. एकदा मला पकडलं. मांडीवर अळूवडीचा डबा. वाटेत म्हणाल्या, "सर, तिला कोणीतरी चुकीचं सांगितलं असणार हो. ती स्वतःहून असं करणारी नाही."

"असेल," मी म्हणालो.

"कोण असेल?"

"काय माहीत, काकू."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा मी निघालो.

पडल्याला वर्ष उलटून गेलं, आणि या वसंतात तिची आई गेली. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती उठलीच नव्हती, मग छातीत कफ झाला. हिने जायची परवानगी मागितली होती. तिचा वकील म्हणाला, अर्ज केलाय, तारीख मिळेल. तारीख मिळाली ती अंत्यविधीनंतरची.

अंत्यविधीच्या दिवशी काकूंनी पुन्हा मला फोन केला. जावई ऑफिसात, मुलगी ऑस्टिनला. मी नाही म्हणणार होतो. पण मग काकूंनी विचारलं असतं, का?

दोन खोल्यांचं अपार्टमेंट. शुक्रवारची दुपार. नवरा डायलिसिसहून येऊन आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेला. जमिनीवर चटई, त्यावर ती मांडी घालून बसलेली, पांढऱ्या कपड्यांत. समोर राइस कुकरला टेकवून उभा केलेला फोन. फोनमध्ये शनिवारची सकाळ. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पाऊस, आणि त्यांचं गाणं. नेटवर्क तुटायचं तेव्हा गाणं थांबायचं, आणि मग ही इकडे एकटीच पुढची ओळ म्हणायची, ते पुन्हा येईपर्यंत. तिचा गातानाचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

काकू जाऊन तिच्या शेजारी चटईवर बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसल्या. तिचा हात हातात घेतला आणि मराठीत बोलत राहिल्या, "रड गं बाई, रड." मी दाराशी चपला काढून उभा होतो.

पेटी खाली सोडताना फोनवरचं चित्र पुन्हा गोठलं. कुणाचा तरी काळ्या छत्रीचा कोपरा, आणि बस. ती वाट पाहत राहिली. चित्र हललं तेव्हा माती टाकून झाली होती.

निघताना ती दारापर्यंत आली. मला काहीतरी बोलायचं होतं. काय बोलायचं ते मला माहीत होतं, तिलाही असावं. पण तिनेच विचारलं.

"टीचर, तुमचा झाला ना इंटरव्ह्यू?"

"झाला."

"शपथ?"

"झाली."

"बरं झालं," ती म्हणाली. "एकाचं तरी झालं." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो खूप शोधला, परतीच्या वाटेवर, त्यानंतर रोज. असता तर बरं झालं असतं.

वर्ग घेणं मी सोडलं. पाठ दुखते असं सांगितलं.

तिचा खटला आता उन्हाळ्याच्या शेवटी उभा राहील. तुरुंगवास होऊ शकतो. झाला तर नवऱ्याला डायलिसिसला नेणारं कोणी नाही, आणि नागरिकत्वाचं दार तर कायमचंच बंद. तिचा वकील कोर्टानेच दिलेला, तरुण आहे, हातात शंभर केसेस. त्याने साठे काकूंना सांगितलं, आणि काकूंनी मला फोनवर सांगितलं, की तिने मुद्दाम खोटं लिहिलं नाही, तिला कुणीतरी जाणत्या माणसाने तसं सांगितलं होतं, एवढं कुणी शपथेवर सांगितलं तर सगळं चित्र पालटेल. तो तिला पुन्हा पुन्हा विचारतो. ती म्हणते, कोणी नाही.

"हट्टी आहे हो," काकू म्हणाल्या. "कुणाला पाठीशी घालतेय कोण जाणे."

मी हे मराठीत लिहितोय. त्या कोर्टात मराठी वाचणारं कोणी नाही, हे मला लिहायला बसतानाच ठाऊक होतं. तुम्ही मात्र वाचाल. साठे काकूही वाचतील.

मी तिला एक साक्ष देणं लागतो. इंग्रजीत, शपथेवर, माझ्या पूर्ण नावासकट. ती मी अजून दिलेली नाही.